गोंदियातील जुनी घड्याळे

गोंदिया जिल्हा भाताचा आणि तलावांचा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावे सहलीला येणाऱ्यांना ठाऊक असतात. समुद्र मात्र इथून फार लांब. तरीही गोंदिया शहरात आजही अशी मनगटी घड्याळे सापडतात, जी समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी बनवली गेली होती. आम्ही दोघे पती-पत्नी, दोघेही शिक्षक. गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी आमची फेरी बहुधा गोरेलाल चौकाकडच्या बाजारात होते. तिथल्या एका गल्लीत एक वयस्क घड्याळजी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही.

त्यांच्या काचेच्या पेटीत पाहिले की या गावाची दोन-तीन पिढ्यांची कहाणी दिसते. सर्वात जास्त एचएमटी. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हा सरकारी कारखाना सुरू झाला आणि जनता, पायलट, कांचन ही नावे घरोघरी पोचली. मुलगा मॅट्रिक झाला, एचएमटी. जावई आला, एचएमटी. 2016 पर्यंत कारखाने बंद पडले. आता चाचांकडे पडलेली मोडकी जनता म्हणजे सुट्या भागांचे भांडार. एकीची कमान दुसरीला, दुसरीचा काटा तिसरीला.

पेटीच्या एका कोपऱ्यात जाडजूड पोलादी घड्याळे असतात, सीको आणि सिटिझन. ती आली आखातातून. आमच्या मोहल्ल्यातले कितीतरी जण सत्तर-ऐंशीच्या दशकांत ड्रायव्हर, फिटर, वेल्डर म्हणून सौदी आणि कुवेतला गेले. परतताना बॅगेत टेपरेकॉर्डर, गोधडीएवढे जाड ब्लँकेट आणि मनगटावर हे घड्याळ. आखातात विकल्या जाणाऱ्या काही सीकोंवर वार अरबीतही छापलेला असे. शुक्रवारी त्या छोट्या खिडकीत ‘अल-जुमुआ’ यायचे, तर मुले ते बघायला गोळा व्हायची.

पाणबुड्यांच्या घड्याळाची खूण म्हणजे काचेभोवती फिरणारी कडी. तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, मग किती मिनिटे झाली ते कडीवरच वाचता येते. पाण्याखाली हवा किती उरली याचा हिशेब त्यावर. नंतरच्या घड्याळांत ही कडी एकाच दिशेने फिरते, म्हणजे चुकून धक्का लागला तरी वेळ जास्तच झालेली दिसेल, कमी नाही. जुन्या 150 मीटरच्या सीकोत मात्र ती दोन्हीकडे फिरते. आमचे एक नातेवाईक राइस मिलमध्ये होते. उसना तांदूळ करताना धानाला वाफ किती मिनिटे दिली, ते याच कडीवर मोजत. समुद्र त्यांनी जहाजातूनसुद्धा पाहिला नाही.

आणि वुजू. दिवसातून पाच वेळा मनगटापर्यंत, कोपरापर्यंत पाणी. पट्ट्याखालची त्वचाही भिजली पाहिजे, म्हणून घड्याळ वर सरकवायचे किंवा काढून हौदाच्या काठावर ठेवायचे. साध्या घड्याळाच्या काचेत आठ दिवसांत वाफ धरायची. हे जाड घड्याळ वर्षानुवर्षे टिकायचे. पाणबुडी घड्याळाची खरी बुडी आमच्याकडे मशिदीच्या हौदावरच झाली, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे त्यांना एक सांगणे आहे. डायलवर 150 मीटर लिहिले आहे म्हणून आज ते पाण्यात घालू नये. पाणी अडवते ती मागच्या झाकणातली आणि चावीच्या दांड्यावरची रबराची रिंग. चाळीस वर्षांत ती खडखडीत होते किंवा चिकट होऊन वितळते. दुसरे, फार जुन्या स्विस घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर खरोखरच रेडियम असे. आपण आज चमकणाऱ्या कुठल्याही घड्याळाला ‘रेडियमचं’ म्हणतो, ते वेगळे. पण तसे जुने घड्याळ घरी उघडून काट्यांची भुकटी खरवडू नये. ती श्वासावाटे आत जाणे घातक.

आमच्या घरचे घड्याळ पाणबुड्याचे नाही, क्रोनोग्राफ आहे. मरहूम अब्बांनी रियाधहून आणलेले सीको. हे मॉडेल 1969 साली निघाले आणि चावी न देता चालणाऱ्या पहिल्या काही क्रोनोग्राफांपैकी ते एक. चावी देण्याची सोयच नाही, हात हलला की कमान भरते. दोन बाजूंना दोन बटणे : वरचे दाबले की मोठा सेकंदकाटा धावतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालच्याने शून्यावर येतो. खाली अर्ध्या तासाचे छोटे वर्तुळ. विल्यम पोग या अमेरिकन अंतराळवीराने 1973 साली असेच घड्याळ स्कायलॅबवर नेले होते. अब्बा तेच घड्याळ शाळेच्या क्रीडा संमेलनाला द्यायचे. शंभर मीटरची शर्यत, आणि शिट्टीबरोबर त्यांचा अंगठा बटणावर.

गेल्या वर्षी ते बंद पडले. थोरल्या भाईजानचे म्हणणे, पुतण्याच्या निकाहात त्याला हेच द्यायचे, पण अगदी नवेकोरे करून. डायलचा निळा रंग विटून करडा झालेला, सहाच्या आकड्याजवळ पाण्याचा डाग. नवरदेवाच्या हातात असे कसे द्यायचे? त्यांचे चूक होते असे आम्ही म्हणणार नाही.

चाचांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मशीन चांगलं आहे, तेल सुकलंय. पेट्रोलनं धुऊन चार थेंब तेल टाकतो. डायल रंगवायची तर बाहेर पाठवावी लागेल. एकदा जुना रंग खरवडला की परत येत नाही. घरी विचारून या.”

त्यांनी पेटीतून एक झगझगीत नारिंगी सीको काढून दाखवले. आमच्या एका सहकाऱ्याने असेच घड्याळ ‘पूर्ण दुरुस्त, जुने, अस्सल’ म्हणून मागवले होते. अक्षरे जाड आणि किंचित वाकडी. मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत. डायल कोरी आणि काटे गंजलेले. त्या मॉडेलला कंपनीने हा रंग कधी दिलाच नव्हता. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुक नव्हे. चालायला ते ठीक चालते. स्वस्त आणि रंगीत हवे असेल त्याने खुशाल घ्यावे, पण ते जुने म्हणून विकणे ही आमच्या मते फसवणूकच.

घरी आठ दिवस वाद झाला. शेवटी पुतण्यानेच सांगितले, “चाचाजान, डाग राहू द्या. दादाअब्बांच्या हातावर मी तो पाहिलाय.” मग भाईजान गप्प झाले. चाचांनी काच बदलली, कारण जुनीला तडा होता. रबराच्या रिंगा बदलल्या, मशीन धुतले. पट्टा तोच ठेवला. निघालेली तडकलेली काच त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून आमच्या हाती दिली.

घड्याळ आता दिवसाला साधारण अर्धा मिनिट पुढे जाते, तेवढे चालते. पण बटण दाबल्यावर सेकंदकाटा वीस-पंचवीस सेकंद धावून अडखळतो. आतला एक भाग झिजला आहे. चाचांनी तो मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडे मागितला आहे. चाचांचे दोन्ही मुलगे मोबाइल दुरुस्तीत आहेत. दुकान ते स्वतःच दुपारी चारनंतर उघडतात, दिवसाउजेडी डोळा बरा चालतो तेवढा वेळ. निकाह ईदनंतर आहे. भाग तोवर आला नाही, तर पुतण्या वेळ बघायला घड्याळ वापरेल आणि वरच्या बटणाला हात लावणार नाही, असे ठरले आहे.