समवयस्क

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या तळघरांत द्राक्षमद्याचा सांठा खास नसावा. असता, तर जुनें झालेलें बहुतेक मद्य सोनें न होतां केवळ बेचव होतें, हें त्यास कळून चुकलें असतें. जगांत तयार होणाऱ्या वाइनपैकीं फार मोठा भाग दोन-चार वर्षांच्या आंत संपवून टाकावा, यांतच त्याचें भलें असतें. ज्या थोड्या वाइन वयाबरोबर सुधारतात, त्यांच्या अंगीं आरंभींच कांहीं तरी असावें लागतें. आणि हें ‘कांहीं तरी’ पुष्कळदां तरुणपणीं सोसवत नाहीं असा तुरटपणा किंवा आंबटपणा असतो. पन्नाशी उलटलेल्या माणसास ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

माझा आणि या विषयाचा संबंध कसा आला, हें सांगितलें पाहिजे. कारण कित्येक वाचकांच्या भुंवया एव्हांना वर चढल्या असतील. ज्या घरांत मी वाढलों तेथें ‘पोर्ट वाइन’ हे शब्द फक्त एखाद्या दुखणाइताच्या संदर्भांत, आणि तेहि हलक्या आवाजांत, उच्चारले जात. पुढें गोव्याहून परतणाऱ्या मित्रांच्या पिशव्यांत त्याच नांवाची गोड, तांबडी बाटली दिसूं लागली. परंतु ज्या मूळ वस्तूचें हें नांव, तिची आणि माझी भेट झाली ती २०२३ सालीं, पोर्तुगालांतील कोइंब्रा या विद्यापीठाच्या गांवीं. तेथील एका वृद्ध प्राध्यापकांनीं मला रात्रीं जेवावयास बोलाविलें होतें. माझा जन्म १९७० चा, हें त्यांना आदल्या दिवशीं बोलण्याच्या ओघांत समजलें होतें. एवढें निमित्त त्यांना पुरें झालें.

आरंभ मात्र पोर्टनें झाला नाहीं. प्रथम आली ती जवळच्याच बाइराडा प्रांतांतील साधी तांबडी वाइन. ‘बागा’ नांवाच्या द्राक्षांची, आणि सुमारें तीस वर्षें बाटलींत राहिलेली. हें द्राक्ष जाड सालीचें व तुरट. त्याची कोंवळी वाइन कच्च्या आवळ्याप्रमाणें जीभ धरून ठेवते. आमच्या सहा रसांत तुरटास स्वतंत्र मान आहे. पण पक्वान्नांच्या ताटांत त्याला जागा क्वचितच मिळते. येथें तोच रस रक्षणकर्ता ठरला होता. तीस वर्षांत त्याची धार गेली होती, परंतु कणा राहिला होता. पावसाळ्यांतील पाचोळा, जुनें चामडें आणि कुठें तरी दूर एखादें आंबटसर फळ, असा कांहींसा तिचा वास होता. आयुर्वेदानेंहि नवें मद्य जड आणि जुनें मद्य हलकें मानलें आहे. त्या वृद्ध यजमानांना मीं हें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, “मग तुमचे वैद्य आमच्याकडे येऊन गेलेले दिसतात!”

त्यानंतर पोर्ट. उत्तर पोर्तुगालांत डोरू नदीच्या दोहों तीरांवर पाटीच्या दगडाचे उभे डोंगर आहेत. ते पायऱ्यांसारखे कापून त्यांवर द्राक्षवेली लावल्या आहेत. कोणत्या जमिनींतील मद्यास हें नांव द्यावें याची सीमा १७५६ सालींच आंखली गेली. पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याचें तें काम. द्राक्षांचा रस आंबूं लागला, कीं साखर संपण्यापूर्वींच त्यांत जवळजवळ एक-पंचमांश द्राक्षांची तीव्र दारू मिसळतात. आंबणें तेथेंच थांबतें, गोडी शिल्लक राहते आणि मद्याची तीव्रता शेंकडा वीसच्या आसपास जाते. येथून पुढें मात्र दोन मार्ग फुटतात. आणि माझ्यापुढें जे दोन पेले आले ते या दोन मार्गांचे होते. दोहोंत १९७० च्या हंगामाचीच पोर्ट होती. दोघीहि माझ्या समवयस्क!

एक दोन वर्षांतच बाटलींत गेली आणि पुढें अर्धशतक अंधारांत आडवी पडून राहिली. तिला वारा जवळजवळ लागलाच नव्हता. अशा एकांतांत तिचा रंग व तुरटपणा एकमेकांस बिलगून जड होतात आणि गाळ होऊन तळाशीं बसतात. म्हणून यजमानांनीं आदल्या दिवशींच ती बाटली उभी करून ठेविली होती. बूच तुकड्यातुकड्यांनीं निघालें. मग गळ्याखालीं मेणबत्ती धरून त्यांनीं ती हळूहळू दुसऱ्या भांड्यांत ओतली आणि गाळ गळ्यापाशीं येतांच हात थांबविला. पेल्यांत रंग अद्याप माणकासारखा होता. फक्त कडेला विटकरी छटा. वास सुक्या अंजिराचा व मनुकांचा. चवीच्या शेवटीं अजून किंचित् करारी तुरटपणा.

दुसरी मात्र पिंपांत वाढलेली. लाकूड श्वास घेतें. त्यांतून हवा आंत येते, पाणी व मद्यार्क बाहेर जातात. दरवर्षीं पिंप थोडें रितें होतें आणि तळघराचा रखवालदार तें पुन्हां भरतो. तिचा तांबडा रंग केव्हांच गेला होता, आणि त्या जागीं काकवीसारखा पिंगट आला होता. अक्रोड, सुकें जर्दाळू, संत्र्याची वाळलेली साल यांचा वास खोलीभर पसरला. तिनें पुष्कळ गमावलें होतें. पण जें उरलें होतें तें घोट गिळल्यावरहि कितीतरी वेळ बोलत राहिलें.

अधिक चांगली कोणती? यजमानांनीं विचारलें; मला उत्तर देतां येईना. मला आठवले ते माझे दोन शिक्षक. एक निवृत्तीनंतर दार लावून ग्रंथांत बुडाले. पंधरा वर्षांनीं मीं त्यांचें दार ठोठावलें, तेव्हां त्यांची मतें पूर्वींइतकींच लखलखीत होतीं. फक्त राग तळाशीं बसला होता. दुसऱ्यांचें दार सदैव उघडें. विद्यार्थी, शेजारी, नातवंडें यांच्या राबत्यांत त्यांची विद्वत्ता थोडीथोडी उडून गेली, शेवटीं नांवेंहि आठवेनात. परंतु त्यांच्या ओटीवर तासभर बसून उठलेला माणूस रिता परतला नाहीं. समवयस्क असूनहि दोघे दोन वाटांनीं म्हातारे झाले. त्यांत वडील कोण आणि धाकटा कोण, हें मला कधीं ठरवितां आलें नाहीं.

निरनिराळ्या सालांच्या पिंपांतून मिश्रण करून जी ‘वीस वर्षांची’ पोर्ट करतात, तिच्याबाबत एक मौजेचा नियम आहे. तिचें वय जन्मतारखेवरून ठरत नाहीं. परीक्षक ती चाखतात आणि वीस वर्षांची पक्वता तिच्यांत आहे कीं नाहीं, याचा निर्णय देतात. निवृत्तीचें वय ठरविणाऱ्या मंडळींनीं हा नियम कधीं वाचला नसावा.

माझ्या निवृत्तीस आतां थोडींच वर्षें उरलीं आहेत. बाटली कीं पिंप, हें वाइन स्वतः ठरवूं शकत नाहीं. माणसास निदान थोडेंसें ठरवितां येतें. तें ठरवितांना एक व्यावहारिक भेद मी ध्यानांत ठेविला आहे. पिंपांतली पोर्ट बाटली फोडल्यावरहि कांहीं आठवडे टिकते. हवेची तिला संवय असते. बाटलींत मुरलेली जुनी पोर्ट मात्र उघडल्यावर एक-दोन दिवसांतच ओसरूं लागते. पन्नास वर्षांचें मौन सोडल्यावर तिला ऐकणारी माणसें त्याच रात्रीं हवींत. ती बाटली यजमानांच्या वडिलांनीं ठेविली होती, आणि ती पक्व होण्यापूर्वींच ते वारले. यजमानांनीं स्वतः २०११ च्या हंगामाच्या कांहीं बाटल्या नातवासाठीं ठेविल्या आहेत. त्या उघडतील तेव्हां आपण नसूं, हें त्यांनीं अगदीं सहज सांगितलें, आणि उरलेली पोर्ट शेजाऱ्यांस बोलावून वांटून टाकली.