नुरा कुस्तीच्या चित्रफिती

पस्तीस वर्षें मुलांकडून रूपावलि घोकून घेण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या मास्तरानें कोणता छंद बाळगावा, याविषयीं वाचकांच्या कांहीं कल्पना असतील. जुन्या पोथ्या, टपालाचीं तिकिटें, फार तर नाणीं. सभ्य गृहस्थाचा छंद येथवर जाऊं शकतो. आमच्या माळ्यावर मात्र पत्र्याच्या दोन ट्रंका आहेत, आणि त्यांत अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्त्यांच्या एकेचाळीस व्हिडिओ कॅसेटी आहेत. हें आम्हीं आजवर बाहेर कोणास सांगितलें नव्हतें. त्या ट्रंकांत आमच्या वडिलांचे ग्रंथ आहेत असें शेजारीं समजत, व त्यांचा तो समज आम्हीं मोडला नाहीं. यंदा वाईचा आमचा वाडा उतरवून नवें घर बांधण्याचें ठरलें, माळा रिकामा करावा लागला, आणि गुपित उघडें पडलें. तेव्हां लोकांनीं सांगण्यापेक्षां आम्हींच सांगावें हें बरें.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी येथें गेले ते १९८६ सालीं. १९८८ च्या दिवाळीस ते प्रथमच घरीं आले. मातोश्रींस त्यांनीं शाल आणली, वहिनींस कांचेचीं भांडीं आणलीं, आणि आमच्या पुतण्यास, म्हणजे वडील बंधूंच्या मुलास, एक भली मोठी प्लॅस्टिकची पेटी दिली. पेटी पुस्तकासारखी उघडे. आंत एक काळी कॅसेट होती. तिचें नांव 'रेसलमेनिया तीन'. मुलगा तेव्हां आठ वर्षांचा होता. पेटीवरील ते दोन अवाढव्य पुरुष पाहून त्यानें ती उशाशीं घेऊनच दुपारची झोंप घेतली.

त्या रात्रीं जेवणें उरकून घरांतील चौदाही माणसें दिवाणखान्यांत जमलीं. व्ही. सी. आर. चालू केला, तों पडद्यावर करड्या पट्ट्या वरून खालीं धांवूं लागल्या. आवाज कानीं येई, पण मनुष्य दिसेना. अमेरिकेंतील चित्र ५२५ रेघांचें व सेकंदास ३० चौकटींचें, आपल्याकडील ६२५ रेघांचें व २५ चौकटींचें; एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रावर लागत नाहीं, हें आम्हांपैकीं कोणास ठाऊक होतें? बंधूंचा चेहरा उतरला. पुतण्या मात्र पट्ट्यांकडेच टक लावून अर्धा तास बसला होता.

पुढें पुण्याच्या एका दुकानदारानें त्या फितीची आपल्या यंत्रावर चालणारी नक्कल करून दिली. नकलेंत रंग फिके झाले, माणसांच्या कडा पाझरल्यासारख्या दिसूं लागल्या. नकलेवरून नक्कल करीत गेल्यास पोथींत जसे अशुद्ध पाठ वाढत जातात, तसेंच फितींचेंही आहे. पण आम्हांस तेव्हां त्याची पर्वा नव्हती. दर रविवारीं दुपारीं आम्ही व पुतण्या ती फीत लावून बसूं लागलों.

तींतील कुस्त्या २९ मार्च १९८७ रोजीं मिशिगन राज्यांतील पाँटिअॅक येथील छत असलेल्या प्रचंड क्रीडागृहांत झालेल्या. प्रेक्षकसंख्या ९३,१७३ जाहीर झाली होती. ती फुगविलेली आहे असें पुढें कांहीं अभ्यासकांनीं दाखविलें. शेवटची जोड हल्क होगन व आंद्रे द जायंट यांची. आंद्रे मूळचा फ्रान्सचा. उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड असें त्याच्याविषयीं पुकारलें जाई. त्या पर्वतास होगननें उचलून आदळलें कीं आमचा पुतण्या गादीवर उभा राहून ओरडे. आम्ही त्यास, "बस खालीं," म्हणत असूं; पण आमचेही हात नकळत मुठी वळत.

आमच्या भागांतील यात्रांतून कुस्त्यांचा फड भरतो. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या कुस्त्यांपर्यंत त्या मुलानें पाहिल्या होत्या. म्हणून एके दिवशीं त्यानें आम्हांस हळूच विचारलें, "काका, हें आपल्या यात्रेंतल्यासारखं खरं असतं ना?" आम्हीं तेव्हां उत्तर टाळलें.

१९८९ च्या मार्चमध्यें बंधूंचें पत्र आलें. त्यांत वर्तमानपत्राचें एक कात्रण होतें. ह्या कुस्त्या खरी स्पर्धा नसून प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं केलेला खेळ होय, अशी कबुली त्या भरविणाऱ्या कंपनीनेंच फेब्रुवारींत न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें दिली होती. हेतु अगदीं व्यावहारिक होता. स्पर्धा म्हटली कीं सरकारी क्रीडामंडळाची देखरेख, परवाने व कर मागें लागतात. करमणूक म्हटली कीं त्यांतून सुटका.

प्रमाणाशिवाय बोलूं नये, आणि प्रमाण हातीं आल्यावर गप्प बसूं नये, हा आमचा शाळेंतला बाणा. त्या रात्रीं पंक्तींत आम्हीं तें कात्रण मोठ्यानें वाचलें व मराठींत त्याचा अर्थ सांगितला. "म्हणजे नुरा कुस्तीच कीं!" दादा म्हणाले. दोघे पहिलवान आधींच ठरवून लढतात, तिला आमच्याकडे हें नांव आहे. सारी पंगत हसली. कोणीसें म्हणालें, "आणि हा वेडा गादीवर उड्या मारतो!" पंगत पुन्हां हसली. पुतण्यानें भात संपविला, हात धुतले व तो वर निघून गेला. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं. त्यानंतर कधींच आला नाहीं. मुलगा शहाणा झाला, असें आम्हीं स्वतःस सांगितलें.

गंमत अशी कीं, त्याचा रस जेथें संपला तेथेंच आमचा खरा रस सुरू झाला. लढाई ठरलेली आहे असें कळल्यावर आम्ही त्याच फितीकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागलों. संस्कृत शिकलेल्या माणसास ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. भासाच्या 'बालचरित' नाटकांत कृष्ण व चाणूर यांचें मल्लयुद्ध प्रेक्षकांदेखतच होतें. तें खरें आहे काय, असें कोणी विचारीत नाहीं. त्याच तिसऱ्या रेसलमेनियांत रँडी सॅव्हेज व रिकी स्टीमबोट यांची जोड आहे. जेमतेम पंधरा मिनिटांची ती कुस्ती; पण तिच्या प्रत्येक डावाची यादी सॅव्हेजनें आधीं लिहून काढली होती व ती दोघांनीं आपल्या विद्यार्थ्यांनीं धातुरूपें पाठ करावीं तशी पाठ केली होती. फीत मागें घेऊन तीच चार पावलें दहादां पाहिलीं, तेव्हां आम्हांस कळलें कीं, पडणारा मनुष्य उचलणाऱ्यास उडी घेऊन साहाय्य करतो, आणि आपटणारा त्याची मान सांभाळून आपटतो. नाट्यगृहांत हें कळत नाहीं, दूरचित्रवाणीवर कळत नाहीं. हातीं फीत असली तरच कळतें.

तेव्हांपासून संग्रह सुरू झाला. त्या काळीं ह्या कुस्त्यांच्या फिती 'कोलिसियम व्हिडिओ' ह्या नांवाखालीं निघत. १९८० नंतरच्या त्या दशकांत अमेरिकेंतील लोक फिती विकत घेण्यापेक्षां दुकानांतून भाड्यानें नेत, व ह्या फिती मुख्यतः त्या दुकानांसाठींच असल्यामुळें त्यांच्या किंमती जबर असत. बंधू दुकानें जुन्या फिती काढून टाकीत तेव्हां त्या स्वस्तांत घेत व येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवीत. मालिकेचे अंक असत. पांचवा व सातवा आहे पण सहावा नाहीं, अशा वेळीं जिवाची जी तळमळ होई, ती ज्यांनीं मासिकांच्या फाइली जमविल्या आहेत त्यांस सांगावयास नको. कांहीं कुस्त्या तर केवळ फितीसाठींच राखून ठेवीत. त्या दूरचित्रवाणीवर दिसत नसत. तिकडील शौकीन मंडळी दोन व्ही. सी. आर. जोडून नकला करीत व टपालानें याद्या धाडून अदलाबदल करीत. जपानचें चित्र अमेरिकेच्याच पद्धतीचें असल्यामुळें तिकडील कुस्त्यांच्या फितीही त्यांच्या हातीं सहज फिरत. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें लंडनहून आणलेली फीत मात्र आमच्या जुन्या यंत्रावर सरळ लागली, कारण इंग्लंडची पद्धत आपल्यासारखीच. १९९२ सालीं आम्हीं सर्व पद्धतींच्या फिती चालणारें यंत्र घेतलें. घरांत सांगितलें कीं, बंधूंच्या मुलांचे वाढदिवस पाहण्यासाठीं.

'कोलिसियम' हें नांव १९९७ सालीं बंद झालें व आमचा संग्रहही तेथेंच थांबला. पुढें तबकड्या आल्या. २००२ सालीं वन्यजीव-संरक्षण करणाऱ्या जागतिक संस्थेशीं आद्याक्षरांवरून चाललेल्या वादांत हरल्यामुळें त्या कंपनीस स्वतःचें नांव बदलावें लागलें. त्यानंतर कित्येक वर्षें जुनीं दृश्यें पुन्हां प्रसिद्ध करतांना १९९८ नंतरचें बोधचिन्ह पुसट करीत व उच्चारही कापीत. २०१२ सालीं तडजोड झाल्यावर ही कापाकापी थांबली. परंतु कित्येक मल्लांच्या प्रवेशाचें संगीतही हक्काच्या कारणानें बदललेलें असतें. २०१४ च्या फेब्रुवारींत ह्या कंपनीनें आपलें भांडार इंटरनेटवर खुलें केलें. आम्हीं ट्रंकांत जपलें तें आतां कोणाही पोराच्या हातांतील फोनवर दिसतें. पण पोथीची छापील आवृत्ति निघाली म्हणून मूळ पोथी कोणी नदींत सोडीत नाहीं. पाठ ताडून पाहण्यास ती लागते.

यंदा माळा उतरला तेव्हां पुतण्या बंगळुराहून मुद्दाम आला होता. तो आतां पंचेचाळिशीचा आहे. ट्रंका उघडल्या, तों वाईच्या पावसाळ्यांनीं आपलें काम केलेलें; पंधरा फितींच्या कडांवर पांढरी बुरशी चढलेली. अशी फीत यंत्रांत घातली तर यंत्रही बिघडतें, आणि नवें यंत्र मिळणें नाहीं, कारण जगांत तीं बनविणारा शेवटचा कारखानाही २०१६ सालीं थांबला. सर्वांत तळाशीं ती पहिली पेटी होती. पुतण्यानें ती दोन्ही हातांनीं उचलली.

"काका, तुम्ही हें सगळं पुढेंही पाहत होतांत?"

आम्हीं मान हालविली. त्या रात्रीं यंत्र पुसून आम्ही दोघे बसलों. ती पहिली फीत सुदैवानें शाबूत होती. शेवटची जोड आली. आम्हीं फीत थांबवून त्यास दाखविलें: आंद्रेच्या पाठीवर आधल्याच वर्षीं शस्त्रक्रिया झाली होती, उभें राहणेंही त्यास कष्टाचें होतें, तरी त्यानें आपला देह होगनच्या हातीं सोंपविला. त्याच्या मनाविरुद्ध त्यास उचलूं शकेल असा पुरुष तेथें नव्हता. पुढें सहा वर्षांच्या आंत, १९९३ च्या जानेवारींत, वडिलांच्या अंत्यविधीसाठीं मायदेशीं गेला असतां तो पॅरिसमध्यें वारला.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, एक सांगूं? तें खोटं आहे याचं मला कांहीं वाटलं नव्हतं. शाळेंत मुलं म्हणतच होतीं. पण मी तुम्हांला एकट्याला विचारलं होतं. तुम्हीं पंगतींत सांगितलंत."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. छत्तीस वर्षें आम्ही समजत होतों कीं, आम्हीं त्या मुलास सत्य दिलें. ते दोघे मल्ल लाखभर लोकांपुढें वैराचें सोंग करीत होते, आणि एकाला दुसऱ्याच्या हातून इजा होऊं नये म्हणून क्षणोक्षणीं जपत होते. आम्ही अक्षरशः खरें बोललों, आणि ज्याला जपावयाचें त्यालाच घरच्या चौदा माणसांपुढें आदळलें. "चुकलों रे," एवढेंच आम्ही म्हणालों. तो हंसला व त्यानें फीत पुढें चालू केली.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनें ती फीत पाहिली. पाहून झाल्यावर ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, हें खरं आहे का?" दिवाणखान्यांत पांचसहा माणसें होतीं. आम्हीं तिला ओसरीवर नेलें, झोंपाळ्यावर शेजारीं बसविलें, आणि हळू आवाजांत सांगितलें कीं, आधीं ठरलेलें असतें. पण उचलणें खरें, पडणें खरें, आणि एकमेकांस सांभाळणें तर सर्वांत खरें. तिनें थोडा विचार केला.

"मग परत लावा ना," ती म्हणाली, "तो कुठं मदत करतो तें मला बघायचंय."

आम्हीं आंत जाऊन फीत मागें फिरविली.