सातपाटीची खाडी आणि नातवंडांची पाठ

पालघर स्थानकातून पश्चिमेची वाट धरलीत, की वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास येतो आणि सातपाटी जवळ आल्याचे कळते. पापलेटसाठी नावाजलेल्या या बंदरातल्या बहुतेक नावा आता यंत्रावर चालतात. तरीही खाडीकाठी घटकाभर थांबा. वल्ह्यावर होडी हाकणारा एखादा जुना हात दिसलाच, तर त्याची पाठ न्याहाळा. तो पाय रोवतो, अंगाचा भार वल्ह्यावर टाकतो, मध्येच उठतो, दोर ओढतो. पाठ एकाच आकारात फार वेळ राहतच नाही.

आपली नातवंडे वल्हे हाती घेतात ती मात्र कयाक किंवा कॅनू या स्पर्धेच्या अरुंद नौकांत. कयाकमध्ये पाय पुढे लांबवून बसावे लागते. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले, तर कटिभाग मागे कलतो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि वरची पाठ गोल होते. कॅनूत खेळाडू एक गुडघा टेकून एकाच बाजूला वल्हवतो. राबणारी बाजू एकच. स्पेनमधील संशोधकांनी अशा तरुण खेळाडूंच्या कण्याची मोजमापे घेतली आहेत. उभे असताना कमरेचा बाक बहुतेकांचा ठीक असतो; लक्ष द्यावे लागते ते वरच्या पाठीकडे. म्हणूनच ‘ताठ बस’ असे दहादा ओरडून फारसे साधत नाही. आखडलेले स्नायू रोज हळूहळू ताणणे आणि पाठीचे स्नायू बळकट करणे, हे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवे.

तिथून उत्तरेला बोईसर. एकीकडे औद्योगिक वसाहत, पलीकडे 1969 पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र. इथल्या घरांतही मुले शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत दिवसभर पोक काढून बसलेली दिसतील. नौकेतला वेळ त्यापुढे थोडाच! आपण दोष मात्र खेळाला देतो.

तारापूरहून चिंचणीच्या किनाऱ्यावर जा. नातवंड बरोबर असेल, तर त्याला पाय जुळवून उभे करा, तळवे जोडून गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. क्ष-किरणात बाजूचा बाक 10 अंश किंवा अधिक भरला, तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात तो बहुधा कोणत्याही ज्ञात कारणाशिवाय होतो. वल्हे त्याला जबाबदार आहे असे समजून खेळ बंद करू नका. मग त्याला पालथे झोपवून छाती उचलायला सांगा. गोलाई सरळ झाली, तर ती बहुधा सवयीची. तशीच राहिली, रात्री पाठ दुखत असली किंवा पायाला मुंग्या येत असल्या, तर विलंब नको.

आणि आजी-आजोबा, आपल्या वाकलेल्या पाठीशी तिची तुलना करू नका. उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणका दबतो, कधी दुखल्यावाचूनही. उंची तीन-चार सेंटिमीटरने घटली असेल, तर त्याच भेटीत स्वतःचीही तपासणी करून घ्या.