वेगळा ठेवलेला पेला

बालमित्रांनो, पावसाळ्यात डब्यात विसरलेला पाव कधी पाहिलाय? दोन-चार दिवसांत त्याच्यावर पांढरा कापूस उगवतो आणि त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ही बुरशी. ठिपक्यांत तिचे बीजाणू असतात. हा धडा मी वर्गात किती वेळा शिकवलाय! पण बुरशीची खरी ओळख मला झाली ती २०२१ च्या मे महिन्यात.

माझ्या दादाला करोना झाला. त्याला आधीपासून मधुमेह. जीव वाचवायला स्टिरॉइड द्यावं लागलं. करोना बरा झाला, पण आठवड्याभरात गाल दुखू लागला, डोळा सुजला. तपासणीत निघालं म्युकरमायकोसिस. पावावरच्या बुरशीच्याच भाऊबंदांचा हा आजार! शस्त्रक्रिया झाली. दादा वाचला, उजवा डोळा मात्र गेला.

तो घरी आला तेव्हा मी काय केलं, सांगू? त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. घरात लहान मुलं आहेत ना! दादाच्या ते लक्षात आलं. बोलला काही नाही. स्वतःच उठून पेला विसळून बाजूला ठेवू लागला.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले आणि डॉक्टरांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "अहो बाई, हा माणसाकडून माणसाला होत नाही. याचे बीजाणू मातीत, हवेत असतात. तुमच्या-माझ्या नाकातही जातात. आपलं शरीर त्यांना हुसकून लावतं."

साखर फार वाढली, स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी झाली, की मात्र बुरशी नाकातून आत शिरते आणि रक्तवाहिन्या बंद करते. रक्त न मिळालेला भाग मरतो, काळा पडतो. लोक 'काळी बुरशी' म्हणतात, पण काळा असतो तो मेलेला भाग, बुरशी नव्हे!

आणि गंमत ऐका. दादाला दिलेलं अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जीवाणूपासून मिळालं. रोग मातीतला, औषधही मातीतलंच!

घरी आल्यावर मी दादाच्याच पेल्यानं पाणी प्यायले. तो हसून म्हणाला, "काय बाई, झाला का धडा पाठ?"

झाला, पण उशिरा. तुम्ही असा उशीर करू नका हं. एखाद्या आजाराची भीती वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारा. पेला मग वेगळा करा. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज एवढंच विचारा, "साखर तपासली का?"