एकवीस अंकी संख्येचा ताळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या अख्ख्या पटावरच्या दाण्यांची आठपट करून त्यात ७ मिळवले की हीच संख्या येते.

१६४४ मध्ये मरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला विभाजक नाहीत, असे लिहिले. मर्सेन नावाजलेले विद्वान होते. त्यांचे हे विधान दोनशेहून अधिक वर्षे टिकले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती संयुक्त संख्या असल्याचे दाखवले. हे ल्युका एके काळी फ्रेंच तोफखान्यात अधिकारी होते. त्यांच्या पद्धतीने संख्या फुटते एवढे कळले, पण तिचे अवयव कोणते ते कळले नाही.

ते अवयव १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले. न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला आणि ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. शोधायला किती वेळ लागला, या प्रश्नाला त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिल्याचीही आठवण सांगितली जाते.

मी एका रविवारी तो गुणाकार करायला बसलो. ७६१८३८२५७२८७ गुणिले १९३७०७७२१. कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत, म्हणून चौकटीची वही घेतली. गुणकात एक शून्य आहे, म्हणून आठच ओळी होतात. त्यातही सातची ओळ तीनदा येते, ती एकदाच काढली की पुरते. शेजारच्या पलंगावरचा बिहारचा मित्र म्हणाला, “किताब में छपा है, फिर क्यों गिन रहा है?” मला लगेच उत्तर सुचले नाही. पाऊण तासाने बेरीज जुळली.

त्याच संध्याकाळी घरी फोन लावला तेव्हा बाबांना हे सांगितले. ते तोफखान्यात हवालदार आहेत. ते म्हणाले, “तोफेवर आकडे आले की जवान ते मोठ्याने परत म्हणून दाखवतो. साहेबांवर विश्वास नाही म्हणून नव्हे. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर गोळा आपल्याच माणसांवर पडेल म्हणून.”

आम्हा कॅडेटना इथे पहिल्या दिवसापासून आज्ञा पाळायला शिकवतात. तपासून पाहणे हा तिचाच भाग आहे, हे मला त्या फोनवर उमगले. कोल यांच्यासारखे अवयव शोधणे माझ्या आवाक्यातले नाही. ते खरे आहेत का हे पाहणे मात्र आठवीच्या मुलालाही जमेल. शोधायला वर्षे लागली, ताळा पाहायला पाऊण तास पुरला. एवढ्या स्वस्तात खात्री मिळत असेल, तर ‘छापले आहे’ किंवा ‘मोठ्या माणसाने सांगितले आहे’ यावर थांबायचे कशाला?

ज्यांना पाऊण तासही नाही, त्यांनी नवाचा ताळा पाहावा. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. दोन्हीकडे १ उरतो. एकवीस अंकी संख्येचेही तसेच करा, तिथेही १ उरतो. पण लक्षात ठेवा, हा ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक असते; जुळला म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. पुरती खात्री हवी असेल, तर त्या आठ ओळी स्वतःच मांडाव्या लागतील.