शेळी ज्यास शिवत नाहीं

पाश्चात्य देशांतील उद्यानविषयक ग्रंथ चाळले, तर ससा व हरिण यांस न रुचणाऱ्या फुलझाडांची एक याद त्यांत हटकून आढळते. तिकडील उपनगरांत हरणें रात्रीं अंगणांत शिरतात आणि सकाळीं गृहिणीच्या वांट्यास नुसते देठ उरतात. ही तक्रार आमच्याकडेही आहे. चोर मात्र निराळा. नव्या मुंबईजवळ कर्नाळ्याच्या अरण्यांत भेकर आहे, डोंगरउतारावरील गवतांत ससाही आहे. पण ते सहसा आपलें रान सोडून बेलापूरच्या वाफ्यांपर्यंत येत नाहींत. येथें जास्वंदीचे शेंडे खुडते ती गाय, आणि गुलाबाची काडी सोलते ती शेळी.

हीं जनावरें या शहरांत आलीं कोठून, असा प्रश्न नवा रहिवासी मोठ्या त्राग्यानें विचारतो. खरें पाहतां तीं आलींच नाहींत, आलों ते आपण. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर हें शहर आंखलें गेलें, तेव्हां ठाणें व कुलाबा (आतांचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी त्याच्या आराखड्यांत आल्या. भातखाचरें गेलीं, मिठागरें गेलीं, गायरानें गेलीं. गांवें मात्र आपापल्या जागीं राहिलीं, आणि त्यांच्याबरोबर कांहीं गुरेंही राहिलीं. भात कापल्यावर धसकटांत चरणारी गाय आतां सोसायटीच्या फाटकाशीं उभी राहते. तिला आगंतुक म्हणण्यापूर्वीं थोडा विचार केलेला बरा.

ज्यांची वस्ती उंच इमारतींत आहे त्यांस ही पीडा नाहीं. परंतु बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ या काळांत उभारलेली आर्टिस्ट व्हिलेज नांवाची वसाहत पहावी. प्रत्येक घर सुटें, भिंतीला भिंत लागलेली नाहीं, आणि लहान कां होईना, प्रत्येकास स्वतःचें अंगण व त्यावर स्वतःचें आकाश, अशी तिची मूळ कल्पना. पुढें पुष्कळांनीं मजले चढविले, तरी ज्यांचें अंगण शाबूत आहे त्यांच्यापुढें प्रश्न उरतोच. अंगण आलें कीं झाड आलें, आणि झाड आलें कीं त्यास तोंड लावणारें जनावरही आलें.

यावर सरकारी उत्तर पहावयाचें असेल तर महामार्गाच्या दुभाजकाकडे पहावें. तेथें बहुधा कण्हेर असते, नाहीं तर बोगनवेल. बोगनवेलीचे कांटे गाईला थोपवितात, शेळी मात्र त्यांतूनही पानें टिपते. कण्हेरीला दोघीही टाळतात. धूर, धूळ आणि उन्हाळ्यांतील पाण्याचा तुटवडा हें सारें ती सोसते, समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांची झळ अडविते, आणि बारमास फुलते. इतके गुण पाहून एखाद्या गृहस्थानें तीच आपल्या कुंपणास लावली तर नवल नाहीं. शिवाय शंकराला तिचीं फुलें चालतात, म्हणजे देवपूजेचीही सोय झाली.

परंतु आमच्या पूर्वजांनीं या झाडास दिलेलें एक संस्कृत नांव आठवावें: अश्वमारक, म्हणजे घोड्यास मारणारें. निघंटुकारांनीं तिची गणना उपविषांत केली आहे, आणि आधुनिक रसायनशास्त्रही तेंच सांगतें. हृदयाची गति बिघडविणारीं द्रव्यें तिच्या पानाफुलांत, सालींत, मुळांत, सर्वत्र आहेत. हिरवीं पानें कडू असल्यामुळें गाय तीं टाकून देते. पण छाटून वाळलेल्या फांद्यांचा कडूपणा कमी होतो, विष मात्र जसेंच्या तसें राहतें. छाटणीचा पाला वाळल्या गवतांत मिसळून रस्त्याच्या कडेला पडला, कीं एरवीं शहाणी असलेली गाय फसते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, ती तर याहून वाईट. तिच्या बियांनीं उत्तर श्रीलंकेंत १९८० नंतरच्या दशकांत किती माणसें दगावलीं याची वर्णनें वैद्यकीय नियतकालिकांतून वाचावयास मिळतात. ज्या घरांत रांगणारें मूल आहे, तेथें बिट्टीचीं तिकोनी हिरवीं फळें हाताशीं येतील अशी योजना कोणीही करूं नये. शेर आणि मोगली एरंड यांसही हाच न्याय लागतो. शेराचें कुंपण गुरांना अभेद्य, हें खरें. पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततें.

तेव्हां झाड जनावरास नकोसें आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें कां नकोसें आहे हेंही पाहिलें पाहिजे. कांहीं झाडें विषामुळें टाळलीं जातात, कांहीं केवळ कडू चवीमुळें वा उग्र वासामुळें. एकत्र कुटुंबाच्या अंगणास दुसरा वर्ग मानवतो, आणि त्यांत आमच्या मतें पहिला मान अडुळशाचा.

अडुळशाची कथाच मोठी गोड आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्यास जें शास्त्रीय नांव दिलें त्यांत 'अधातोडा' हें पद आहे. तें दाक्षिणात्य भाषांतून उचललेलें असून त्याचा अर्थ 'शेळी ज्यास शिवत नाहीं' असा सांगतात. वाटेंतील कांहींही वर्ज्य न मानणारी शेळी जेथें मान फिरविते, तें झाड कुंपणास किती भरंवशाचें असेल! आणि तोच पाला आपल्या घरीं खोकल्यावर काढ्यांत पडतो. त्यांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढें ब्रोमहेक्सीन हें कफ पातळ करणारें औषध सिद्ध झालें. पांढरीं, जिभल्यांसारखीं त्याचीं फुलें मधमाशांस प्रिय आहेत. शोभेच्या दृष्टीनें तो कण्हेरीची बरोबरी करणार नाहीं, हें मान्य.

त्याच्या जोडीस निर्गुडी लावावी. निळसर फुलांचे तुरे येतात, आणि पाला धान्याच्या कणगींत घालण्याची जुनी रीत आहेच. आंतल्या बाजूस गवती चहा, कोरफड आणि हळद. हळदीचा तर विशेष उल्लेख केला पाहिजे. वानर व रानडुक्कर यांच्या उपद्रवास कंटाळलेल्या कोंकणांतील कित्येक शेतकऱ्यांनीं याच कारणानें तिची कास धरली आहे. घरच्या माणसांस तिचा लाभ कांहीं सांगावयास नको. श्रावणांत पातोळ्यांसाठीं मंडईंत पानांचा शोध घेण्याचा त्रास वांचतो.

एका झाडाविषयीं मात्र सावध करावेंसें वाटतें. घाणेरीचीं रंगीबेरंगी फुलें पाहून ती कुंपणास लावण्याचा मोह होतो, आणि गुरें तिला तोंड लावीत नाहींत हेंही खरें. परंतु शोभेसाठीं परदेशांतून आणलेल्या या झुडपानें देशभर रानेंच्या रानें व्यापलीं तीं त्याच गुणामुळें. शेजारचें गवत गुरें खाऊन टाकतात, हिला कोणी खात नाहीं, म्हणून हीच माजते. पारसिकची टेकडी जवळ असतां पांखरांच्या चोंचींतून तिचें बीज तेथें धाडणें इष्ट नव्हे.

आणि जनावराची आवडनिवड कायमची लिहून ठेवलेली नसते. वसंतांत या पट्ट्यांतील डोंगरउतार गुलाबी फुलांनीं खुलविणारें गिरिपुष्प घ्या. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थ उंदीर मारणारें असा आहे, आणि नवखें गुरूं त्याचा वास घेऊन मागें सरतें. पण एकदां चटक लागली, कीं तोच पाला आवडीनें खातें. वैशाखांत गवताची काडी उरली नाहीं, म्हणजे नावडतेंही आवडतें होतें. म्हणून जास्वंद व गुलाब घराच्या भिंतीलगत ठेवावे, आणि रस्त्याकडे अडुळसा असावा.

मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे अडुळशाच्या जून फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे, दोन-तीन पेरीं राहतील असे कापून, हात-हातभर अंतरानें तिरपे खोंचावे. पहिलें वर्ष कुंपण विरळ दिसेल, आणि तेवढ्या अवधींत गाय दोन-चार वेळां आंत डोकावेलही. बांबूच्या कामट्या आडव्या बांधून तें वर्ष काढावें. दुसऱ्या पावसाळ्यांत शेंडे छाटले, कीं बुंध्यापासून फूट येते आणि कुंपण दाट होतें. छाटलेला पाला फेंकूं नये. तो आळ्यांत कुजविला असतां खत होतो.