ढर्रर्र करणारा मार्कर

पेंटबॉलच्या यंत्राला बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं, हे मला माझ्या भाच्याने शिकवलं. ते नुसतं सोज्वळ नाव नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून नेलस्पॉट ००७ नावाचं पिस्तूल विकलं जात होतं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या जंगलात १२ जणांनी तेच एकमेकांवर चालवलं आणि हा खेळ सुरू झाला. शिवाय दहा मार्कर पिशवीत घालून एसटीने जायचं असेल तर 'बंदूक' हा शब्द तोंडातून न निघालेलाच बरा. आमच्यासारख्या नावाच्या माणसाच्या तर नक्कीच.

भाच्याने पाचगणीच्या बाजूला भाड्याच्या जागेवर मैदान सुरू केलं, जुने मार्कर घेतले आणि नाताळच्या सुट्टीवर सगळी भिस्त ठेवली. डिसेंबरात त्याचा फोन आला. "मामू, दहातले चार बिघडलेत. चाप ओढला की एक गोळी जाते, मग नुसतं ढर्रर्र. नाहीतर काहीच नाही, दर वेळी हाताने मागे ओढावं लागतं." ज्याने विकले त्याचं म्हणणं, हे भंगारात घाला, नवे घ्या. नव्या चार मार्करांचे पैसे म्हणजे कर्जाचे हप्ते बुडणार. मी स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. म्हटलं, भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला बघू दे.

हे मार्कर ब्लोबॅक जातीचे. आत एक जड पोलादी दट्ट्या असतो, त्याला हॅमर म्हणतात. स्प्रिंग दाबून तो मागे धरून ठेवायचं काम सिअर नावाची लहानशी आकडी करते. चाप ओढला की आकडी सुटते, हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, गॅस सुटतो. त्यातला काही गॅस गोळी ढकलतो आणि काही उलटा फिरून हॅमरला परत आकडीपर्यंत नेतो. म्हणजे प्रत्येक गोळीने स्वतः उडता उडता पुढच्या गोळीची तजवीज करायची. ती तजवीज अपुरी पडली की हॅमर आकडीपर्यंत पोचत नाही, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे फेकते, तो पुन्हा व्हॉल्व्हवर आपटतो. ढर्रर्र आवाज त्याचा. बघणारा मात्र चापाकडेच बघत बसतो.

म्हणून पहिली तपासणी गॅसशिवाय. गोळ्या काढायच्या, बाटली उतरवायची, उरलेला गॅस सोडून द्यायचा आणि हॅमर हाताने मागे ओढायचा. तो नेमका अडकला आणि चाप ओढल्यावरच सुटला, तर आकडी ठीक आहे. दोष गॅसमध्ये किंवा गळतीत. चारपैकी तिघांचा हॅमर मुकाट अडकला.

मग मी विचारलं, बिघाड कधी होतो? सकाळच्या गटाला, म्हणाला. इथेच अर्धं उत्तर होतं. बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब बाटली किती भरली आहे यावर नाही, तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला सुमारे ८३० पीएसआय, १० अंशांना सुमारे ६५०. त्यात पोरं धडाधड चाप ओढतात. द्रवाचा वायू होताना उष्णता खेचली जाते आणि बाटली आणखी गार पडते. दावतीच्या भट्टीखाली सिलिंडरवर बर्फ धरतो तो ह्याच कारणाने. दुपारी बाराला तेच मार्कर लावले, तर दोन काही न करता सुरळीत चालू लागले. सकाळच्या गटासाठी बाटल्या रात्री घरात ठेवायच्या आणि सलग गोळ्या झाडायला मनाई, एवढाच इलाज. बाटली शेगडीजवळ किंवा गाडीत उन्हात ठेवून 'गरम' करणाऱ्यांना मात्र लांबूनच सलाम.

तिसऱ्याची हॅमरवरची ओ-रिंग कोरडी पडून चपटी झाली होती. गॅस बाजूने निसटत होता. हा रोग मला लहानपणापासून माहीत आहे. स्टोव्हच्या पंपातलं चामड्याचं वायसर सुकलं की दांडा नुसता वरखाली होतो, हवा भरत नाही. अब्बा खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि वायसर बोटांनी फाकवायचे. इथे खोबरेल चालणार नाही, आणि गंज सोडवायचा फवारा तर अजिबात नाही. तो रबराचा घात करतो. नवी ओ-रिंग, हवेच्या हत्यारांसाठी मिळतं ते हलकं तेल थोडं, मग गोळ्या न भरता दहा-बारा वेळा चाप. झालं.

एका गोष्टीवर मात्र मी भाच्याला सक्त ताकीद दिली. बंद पडलेला मार्कर हा चालू मार्करपेक्षा जास्त धोक्याचा. गोळी नळीत असते, गॅस आत असतो, हॅमर मध्येच कुठेतरी असतो, आणि पोरगं चष्मा वर करून नळीत डोकावतं. मैदानावर साधारणपणे सेकंदाला ३०० फूट ही वेगाची कमाल मर्यादा धरतात. अंगावर तेवढ्याने फक्त वळ उठतो, डोळा मात्र कायमचा जातो. 'अडकला' असं कोणी ओरडलं की नळीवर टोपी, नळी जमिनीकडे, आणि चष्मा कोणीच काढायचा नाही. ही सूचना त्याने आता तिकीट खिडकीवर मराठी आणि हिंदीत लावली आहे.

चौथ्याची आकडी खरोखरच झिजली आहे. हाताने मागे ओढला तरी तीनातून दोनदा निसटतो. कानसेने धार लावून बघ, असं एकाने सुचवलं. पण हात किंचित चुकला तर चाप न ओढताच सुटायचा. तो मार्कर सध्या माझ्या टेबलावर उघडा पडलाय. नवी सिअर मागवली आहे, अजून यायची आहे.